व्यापारी संकेतस्थळांचे स्थानिकीकरण

एखादे व्यापारी संकेतस्थळ किंवा ॲप परदेशातील ग्राहकाला तिथल्याच दुकानासारखे वापरता यावे म्हणून त्याची भाषा, आकड्यांची मांडणी, पत्त्याचे रकाने, पैसे भरण्याची सोय आणि पत्रव्यवहार यांत जे बदल केले जातात, त्यांना स्थानिकीकरण म्हणतात. बोलण्यात ‘लोकलायझेशन’ हाच शब्द चालतो. भाषांतर हा त्याचा एक भाग आहे, आणि बऱ्याचदा तोच सर्वांत सोपा असतो.

इंटरनेटची सुरुवात इंग्रजी अक्षरांवर झाली. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या ७ बिटांच्या ॲस्की संकेतावलीत १२८ जागा होत्या. जर्मन स्वरांवरचे दोन ठिपकेही तिच्यात मावत नव्हते, देवनागरी तर दूरच. जगभरच्या लिप्यांसाठी एकच संकेतावली असलेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी ते क्रमांक साठवण्याची यूटीएफ-८ ही मांडणी तयार केली. आज वेबवरचा बहुतेक मजकूर तिच्यातच साठवलेला असतो. ‘इंग्रजी येत असले की जगाशी व्यापार होतो’ ही समजूत मात्र टिकून राहिली. घाऊक व्यवहारात ती बरीचशी चालून जाते, कारण युरोपातला आयातदार नाशिकच्या द्राक्षांचा सौदा इंग्रजीतच करतो. घरबसल्या एकच वस्तू मागवणाऱ्या ग्राहकाला मात्र किमतीपासून परतीच्या अटींपर्यंत सगळे आपल्या भाषेत वाचायचे असते.

कामाची सुरुवात भाषांतरकारापासून होत नाही. आधी पडद्यावर दिसणारे प्रत्येक वाक्य प्रोग्रॅममधून काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. मग खऱ्या भाषांतराऐवजी मुद्दाम ३० ते ४० टक्के लांब केलेला खोटा मजकूर भरून पाने तपासतात. इंग्रजीत दोन अक्षरी असलेले बटण जर्मनमध्ये पंधरा अक्षरी होते आणि चौकटीबाहेर सांडते. ते इथेच सापडले तर दुरुस्ती स्वस्तात होते. अरबी किंवा हिब्रूसाठी सबंध पान उजवीकडून डावीकडे उलटावे लागते, पण फोन नंबर उलटायचा नसतो.

सर्वाधिक चुका तुकडे जोडून केलेल्या वाक्यांत होतात. ‘अमुक शहर’ आणि ‘मध्ये’ असा साचा केला की ‘पुणे मध्ये डिलिव्हरी’ असे दिसते. मराठीत सामान्यरूप होते, ‘पुण्यात’ म्हणावे लागते, हे साचा करणाऱ्याला ठाऊक नसते. लिंगाचेही तेच: वस्तूचे नाव बदलले तरी क्रियापद तेच राहते आणि ‘तुमची साडी पाठवला आहे’ असा निरोप येतो. अनेकवचनाचा हिशेब तर भाषेगणिक वेगळा. जपानीत एकच रूप पुरते, मराठीत दोन, अरबीत सहा. म्हणून पूर्ण वाक्य, ते पडद्यावर कुठे येते त्याच्या चित्रासह, भाषांतरकाराला द्यावे. नुसता ‘बुक’ हा शब्द पाठवला, तर तिकीट काढण्याच्या बटणावर ‘पुस्तक’ छापून येते.

आकड्यांमधली चूक थेट पैशांत मोजली जाते. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात, तिथे ‘१.२५०’ म्हणजे साडेबाराशे, आपल्याकडे सव्वा. ‘०३/०४’ ही तारीख भारतात ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. भारतातल्या लाख-कोटींच्या स्वल्पविरामाची सोय स्वतंत्रपणे करावी लागते. मराठी पानात देवनागरी अंक दाखवले, तर रकान्यात टंकलेला ‘४११००४’ही यंत्राने स्वीकारायला हवा, अनेक ठिकाणी तो ‘चुकीचा पिनकोड’ म्हणून नाकारला जातो. पिनकोडची सक्तीही नडते. भारतात तो ६ अंकी, जपानमध्ये ७ अंकी, ब्रिटनमध्ये अक्षरे-अंक मिसळलेला, आणि संयुक्त अरब अमिरातीत घरपोच पत्त्याला पोस्टल कोडच नसतो. जपानी फॉर्ममध्ये आडनाव आधी येते आणि नावाच्या उच्चारासाठी वेगळा रकाना लागतो.

खर्चाच्या अंदाजात एसएमएस हमखास विसरला जातो. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, मराठीत ७०, आणि त्यात काना-मात्राही वेगळे मोजले जातात. इंग्रजीत एका संदेशात बसणारा मजकूर मराठीत दोन-तीन संदेशांचे पैसे लावतो.

शोधयंत्राला कोणते पान कोणत्या भाषेचे हे ‘एचरेफलँग’ खुणेने सांगतात. इथे दोन चुका नेहमीच्या. ब्रिटनसाठी ‘यूके’ लिहितात, तर मान्य संकेत ‘जीबी’ आहे. आणि पानांनी एकमेकांकडे परतीचा दुवा द्यायचा राहतो, मग गूगल ती खूण धरत नाही. चीनमध्ये गूगल बंद असल्याने त्याचे नकाशे जोडलेले पान अर्धवट उघडते. शिवाय चीनच्या मुख्य भूमीतल्या सर्व्हरवर संकेतस्थळ ठेवायचे, तर सरकारी नोंदणी लागते.

कायदाही पाहावा लागतो. फ्रान्समध्ये १९९४ च्या तुबाँ कायद्यामुळे जाहिरात व वापरपुस्तिका फ्रेंचमध्ये द्याव्या लागतात. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९७७ ची फ्रेंच भाषेची सनद लागू आहे. जर्मन ग्राहकांसाठी चालवलेल्या व्यापारी संकेतस्थळावर मालकाचे नाव, पत्ता व संपर्क सहज सापडेल असा हवा.

संकेतस्थळाचा पत्ता देवनागरीत हवा असेल, तर ‘.भारत’ हे डोमेन २०१४ पासून मिळते. त्यात नोंदवलेले नाव ब्राउझर आतून रोमन संकेतात बदलून घेतो. मात्र देवनागरी ईमेल पत्ता अजून अनेक फॉर्म नाकारतात. म्हणून व्यवसायाने सोबत एक रोमन पत्ता ठेवलेला बरा.

पान जपानी केले की प्रश्नही जपानीतच येतात. यंत्रभाषांतराने प्रश्न कळतो, पण तक्रारीला दिलेल्या उत्तरातली आदरार्थी रूपे चुकली की ग्राहक दुखावतो. त्या भाषेत उत्तर लिहिणारा माणूस नसेल, तर फक्त वस्तूंची माहिती, किंमत आणि परतीच्या अटी भाषांतरित कराव्यात आणि संपर्काच्या रकान्याशेजारी ‘उत्तर इंग्रजीत मिळेल’ असे त्याच भाषेत लिहावे.