दप्तर कुठे राहते? खान्देशातील संशोधन केंद्रांची पार्श्वभूमी

खान्देशाची पहिली मोठी सामाजिक नोंद खान्देशातल्या माणसांसाठी झालीच नाही. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांकडे गेला, १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, १८५२ मध्ये जमीनमोजणीविरुद्ध सावदा-फैजपूर भागातले शेतकरी उठले. माणसे कळल्याशिवाय महसूल वसूल होत नाही, हे सरकारला तोवर पुरते उमगले होते. जाती, पिके, बाजार, चालीरीती यांची माहिती गोळा झाली आणि १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे सरकारी माहितीग्रंथाचा, खान्देश खंड निघाला. आजही कुणी पीएच.डी.ला बसले की पहिला हात त्याच खंडाकडे जातो. माहिती इथली, कपाट मुंबईचे. ही रीत पुढे शंभर वर्षे फारशी बदलली नाही, आणि जळगावच्या विद्यापीठातल्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधन केंद्राविषयी बोलताना मी म्हणूनच इमारत आणि अनुदानाच्या आधी दप्तराबद्दल, म्हणजे जमवलेल्या नोंदी आणि कागदांबद्दल, विचारतो.

ही रीत पहिल्यांदा मोडली ती धुळ्यात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले, पण अखेरची वर्षे त्यांनी धुळ्यात काढली. ३१ डिसेंबर १९२६ ला ते तिथेच वारले. त्यांचा तेरावाही व्हायच्या आत, ९ जानेवारी १९२७ ला, धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले. घाई होती ती कागदांची. आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवलेली पत्रे, पोथ्या, टिपणे रद्दीत जायला किंवा दुसऱ्या गावी जायला वेळ लागत नाही. ते दप्तर धुळ्यात राहिले, त्याभोवती ग्रंथालय आणि वस्तुसंग्रहालय उभे राहिले, ‘संशोधक’ हे नियतकालिक निघाले. राजवाडे स्वतः एकटे काम करणारे, भांडणाला न भिणारे, संस्था चालवण्याचा पिंड नसलेले गृहस्थ. तरी त्यांच्या नावाची संस्था टिकली, कारण त्यांच्या मागे सांभाळण्यासारखी वस्तू होती आणि ती सांभाळणे आपले काम आहे असे मानणारे वकील, शिक्षक, व्यापारी गावात होते.

अमळनेरची गोष्ट वेगळी, आणि मला जास्त चटका लावणारी. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. गिरणीच्या पैशावर तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाची संशोधन संस्था! देशभरातले अभ्यासक शिष्यवृत्तीवर तिथे येऊन राहत. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा तत्त्वज्ञ तिथे संचालक होता. साने गुरुजी अमळनेरला आधी या मंदिरात आले आणि मग प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक जी. आर. मलकानी यांनी वर्षानुवर्षे अमळनेरहून चालवले. पुढे ते बंद पडले, आणि १९७३ पासून पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागातून ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ निघू लागले. परंपरा पुढे गेली, पण अमळनेर सोडून. एका दात्यावर उभी राहिलेली संस्था दात्याच्या हयातीत डौलाने चालते. खरी परीक्षा त्यानंतरची असते, आणि तिची तयारी दाता असतानाच करावी लागते.

समाजशास्त्रीय पाहणीचे काम या काळात पुण्या-मुंबईत वाढले. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, १९३६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था. धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्था तीन दशकांहून अधिक काळ चालवली आणि १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. खान्देशातली महाविद्यालये तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे नेमक्या ज्या वर्षांत इथे सर्वांत मोठ्या उलथापालथी झाल्या, त्या वर्षांत इथे स्वतःचे केंद्र नव्हते. १९७२ च्या सुमारास शहादा परिसरात आदिवासी मजूर आपल्या जमिनींसाठी उभे राहिले. पुढे नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाने अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावे बाधित केली. त्या पुनर्वसनावर देखरेखीचा अभ्यास राज्य सरकारने टाटा संस्थेकडे दिला. काम मोलाचे झाले, त्यात शंका नाही. पण दप्तर पुन्हा मुंबईला.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये वेगळा झालेला नंदुरबार, हे त्याचे क्षेत्र. केळी-कापसाचा पट्टा आणि सातपुड्यातले पाडे एकाच विद्यापीठात येणे ही अभ्यासकाच्या दृष्टीने पर्वणीच. मात्र विद्यापीठीय केंद्राची गत वेगळी असते. ते योजनेवर जन्मते. विद्यापीठ अनुदान आयोगाने पंचवार्षिक योजनांमधून स्त्री अभ्यास, सामाजिक वंचितता यांसारख्या विषयांची केंद्रे देशभर दिली. २०१७ मध्ये बारावी योजना संपली तेव्हा त्यांतल्या अनेकांना पुढचा पगार कुठून येणार हेच ठाऊक नव्हते. प्रकल्प संपला की प्रकल्प सहायक जातो, आणि त्याच्याबरोबर पावरी किंवा भिली ही आदिवासी बोली बोलणारा, पाड्यावर घराघरात ओळख असलेला माणूस जातो. तो पुन्हा तयार व्हायला वर्षे लागतात. संचालकाचे निम्मे दिवस अनुदान कसे खर्चले याची विनियोग प्रमाणपत्रे आणि हिशेब तपासणीत जातात, आणि भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे विभागाची खोली बदलली की आधी बाहेर निघतात.

म्हणून केंद्राच्या प्रमुखाचे पहिले काम मला ग्रंथपालासारखे वाटते. प्रत्येक पाहणीचे कागद, गावांच्या याद्या, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण नीट लावून ठेवायचे, आणि पुढच्या फळीतल्या दोघांना तरी ते कुठे आहे हे माहीत असायला हवे. परिषदांचे फलक त्यानंतर.

नर्मदेकाठच्या गावांतून पुनर्वसन वसाहतींत आलेल्या घरांतली मुले आता स्वतः आई-बाप झाली आहेत. त्यांतलाच कुणी धडगावचा विद्यार्थी उद्या संशोधनाला बसेल आणि आपल्या आजोबांच्या घराची पहिली नोंद शोधेल. ती त्याला बांभोरीला, गिरणेकाठच्या त्याच्या विद्यापीठात मिळावी. त्यासाठी जुन्या पाहण्यांच्या अहवालांचा एक संच मागवून, अनुक्रमांक घालून, तिथल्या कपाटात लावायला हवा.