दाण्याचा लाडू

भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट आणि गूळ एकत्र करून वळलेला लाडू. पाक नाही, ओव्हन नाही, म्हणून यातच खजूर नाहीतर ओट्स घालून हल्ली त्याला नो-बेक प्रोटीन बॉल म्हणतात. करतात कसा ते घरोघरी माहीत असतं, भानगड आहे ती दाण्याची.

भुईमुगाचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं, साधारण दक्षिण बोलिव्हिया आणि वायव्य अर्जेंटिनाच्या पट्ट्यातलं, आणि दोन रानटी जातींच्या संकरातून तो आला यावर आता फारसा वाद नाही. वाद आहे तो भारतात कधी, कुठून आला याचा. नेहमीचं उत्तर म्हणजे १६व्या शतकात पोर्तुगीजांनी आणला. पण तमिळमध्ये त्याला मणिलाकोट्टै म्हणजे मनिलाची बी म्हणतात, बंगालीत चिनेबादाम, त्यावरून फिलिपिन्स-चीनच्या बाजूनेही आला असावा असं दिसतं, आणि एकाच वाटेचा हट्ट धरण्यापेक्षा दोन-तीन वाटा मानणं जास्त बरं. चीनमधल्या उत्खननातल्या दाण्यांवरून तो कोलंबसच्या आधीच आशियात होता असंही मांडलं गेलंय, ते बहुतेकांना पटलेलं नाही. मराठी नावाचा इथे काही उपयोग होत नाही, कारण ते फक्त झाड बघून पडलंय: फूल येऊन गेलं की आऱ्या (फुलाच्या जागेतून खाली वाढणारे दांडे) सुटतात, त्या जमिनीत शिरतात आणि शेंग खाली धरते, म्हणून भुईतला मूग. गंमत म्हणजे हा परदेशी दाणा आपल्याकडे उपवासाला बिनदिक्कत चालतो, आणि इथे त्याच्या फार आधीपासूनचा हरभरा चालत नाही.

प्रमाण वजनाने दोनास एक, म्हणजे २०० ग्रॅम दाणे, १०० ग्रॅम गूळ. दाणे मंद आचेवर खमंग भाजून, गार करून, फडक्यात चोळून सालं पाखडायची. मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं, तेल सुटतं आणि कुटाचा लगदा होतो (तेच पीनट बटर), म्हणून थांबत थांबत फिरवायचा. मूठ दाबल्यावर बोटांना तेलाची चकाकी आली की लाडू वळतो, वेगळं तूप लागत नाही.

१०० ग्रॅम दाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे ३० ग्रॅमच्या लाडवात ५ ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यापेक्षा थोडी कमी, आणि तेल त्याच्या जवळपास दुप्पट, तेव्हा प्रोटीन स्नॅक म्हणायचं तर जपूनच. शिवाय दाण्यात लायसिन (प्रथिनांमधला एक आवश्यक घटक) कमी पडतं, ते पंढरपुरी डाळ्याचं पीठ घातलं की बरंच भरून निघतं, फक्त मग लाडू उपवासाचा राहत नाही. व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पूड) घातली तर मिश्रण कोरडं पडून लाडू फुटतो आणि चमचाभर दूध घालावं लागतं, पण दूध पडलं की तो बाहेर टिकत नाही, फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचा.

बुरशीचा मुद्दा साध्या रेसिपीत सहसा येत नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, शोध घेता घेता त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत धागा गेला आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं. ते भाजल्याने कमी होतं, पूर्ण जात नाही, म्हणून सुरकुतलेले, काळपट, कुबट वासाचे दाणे कढईत टाकायच्या आधीच निवडून काढतात.