काळा कोट आणि खडू

‘वकिली करायची तर कॉलेजात शिकवता येत नाही, सनद परत करावी लागते,’ हे वाक्य लॉच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येकाच्या कानावर पडतं. खरं आहे, पण अर्धंच.

बार काउन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमानुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. पूर्णवेळ प्राध्यापकी पत्करली की कोर्टातली प्रॅक्टिस थांबवावी लागते. लोक इथपर्यंतच वाचतात. अधिवक्ता कायद्याखाली केंद्र सरकारने १९७९ साली वेगळे नियम केले. विद्यापीठाशी संलग्न संस्थेत दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला वकील मोकळा आहे आणि तशी नोकरी अर्धवेळ धरली जाते. म्हणून सकाळी साडेसातला फौजदारी प्रक्रियेचा तास घेऊन अकराला सेशन्स कोर्टात आरोपीच्या जामिनासाठी उभं राहण्यात बेकायदा काही नाही. (तासाला आदल्या दिवशीच्या उलटतपासणीचे किस्से निघतात, तो पोरांचा फायदा.)

हे नियम यायच्या कितीतरी आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही केलं होतं. १९२६ मध्ये पुण्यातल्या बदनामीच्या खटल्यात अपिलात ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकरांची बाजू त्यांनी लढवली आणि आरोपी सुटले. १९२८ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले. १९३४ साली संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्व्यांवरच्या अश्लीलतेच्या खटल्यात ते बचावाला उभे राहिले, तो मात्र हरले. पुढच्याच वर्षी ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले.