एनटीएफएस पार्टिशन : लिनक्समध्ये आपोआप माउंट होणे

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असताना, लिनक्स सुरू होतानाच एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमचे (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, ठरलेल्या फोल्डरवर जोडून (माउंट करून) देण्याची व्यवस्था. ती ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या साध्या मजकूर फाइलमधील एका ओळीने होते.

या फाइलचा उगम सामान्यतः ४.०बीएसडी या युनिक्स-आवृत्तीपर्यंत (१९८०) नेला जातो. त्याआधीच्या युनिक्समध्ये माउंटच्या आज्ञा प्रारंभ-स्क्रिप्टमध्ये लिहीत. मात्र ४.२बीएसडीमध्येही (१९८३) प्रत्येक ओळीत रकाने पाचच होते, ते अपूर्णविरामाने तोडलेले असत आणि फाइल सिस्टिमचा प्रकार सांगणारा स्वतंत्र रकाना नव्हता. परक्या प्रणालीचे पार्टिशन जोडायला हाच रकाना लागतो. त्यामुळे आजच्या सहा रकान्यांच्या मांडणीचा उगम त्यानंतरचा धरणे अधिक सयुक्तिक वाटते. सोलारिस या युनिक्स-प्रणालीने ‘व्हीएफएसटॅब’ ही सात रकान्यांची वेगळी फाइल वापरली.

एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ बरोबर आली. तिची पूर्ण अंतर्गत रचना प्रसिद्ध नसल्याने लिनक्सच्या विकासकांना ती उलगडून काढावी लागली. कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) जुना ड्रायव्हर प्रामुख्याने वाचनापुरता होता. भरवशाचे लेखन एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरमुळे शक्य झाले (स्थिर आवृत्ती २००७). पॅरागॉन कंपनीचा ‘एनटीएफएस३’ हा ड्रायव्हर २०२१ मध्ये कर्नल ५.१५ मध्ये समाविष्ट झाला.

ओळीच्या पहिल्या रकान्यात ‘एसडीए२’सारखे उपकरण-नाव चालते, पण डिस्क वाढवली की ते बदलू शकते, म्हणून यूयूआयडी (पार्टिशनचा स्वतःचा ओळख-क्रमांक) देणेच योग्य. एनटीएफएसच्या बाबतीत तो १६ षोडशमान अंकांचा खंड-क्रमांक असतो. विंडोजच्या परवानग्या लिनक्सच्या परवानग्यांशी थेट जुळत नाहीत, त्यामुळे फाइलींचा मालक ‘यूआयडी’ या आणि परवानग्या ‘यूमास्क’ या पर्यायाने ठरवून देतात. फाइलींची नावे देवनागरीत असतील तर एनटीएफएस३ला ‘आयओकॅरसेट’ पर्यायाने यूटीएफ-८ ही वर्णसंहिता सांगणे हिताचे. कर्नलची मूळ वर्णसंहिता वेगळी असल्यास नावे विस्कटतात. शेवटच्या रकान्यात शून्य लिहितात, म्हणजे प्रारंभीची तपासणी टळते.

‘नोफेल’ (जोडणी झाली नाही तरी पुढे जा) हा पर्याय मात्र कधीही वगळू नये. सिस्टमडी ही लिनक्सचा प्रारंभ सांभाळणारी यंत्रणा एफएसटॅब वाचून प्रत्येक ओळीचे माउंट-युनिट बनवते. पार्टिशन सापडले नाही तर ती सहसा ९० सेकंद थांबते, आणि ‘नोफेल’ नसल्यास संगणक आपत्कालीन स्थितीत अडकतो. केवळ दस्तऐवजांसाठी जोडलेल्या पार्टिशनपायी अख्खी प्रणाली अडून राहणे अनावश्यक आहे.

सर्वांत गंभीर अडचण विंडोज ८ पासूनच्या (२०१२) ‘फास्ट स्टार्टअप’ची. ते चालू असताना शटडाउन केल्यावर विंडोजच्या कर्नलची स्थिती डिस्कवर गोठवून ठेवली जाते आणि पार्टिशन अर्धवट उघडे राहते. ‘रीस्टार्ट’मध्ये तसे होत नाही. अशा पार्टिशनवर लिहिल्यास विदा बिघडू शकते, म्हणून एनटीएफएस-३जी ते फक्त वाचनासाठी जोडते. ‘रिमूव्ह_हायबरफाइल’ पर्यायाने हा अडथळा दूर होतो, पण विंडोजची जतन केलेली स्थिती नष्ट होते; तो एफएसटॅबमध्ये कायमचा लिहून ठेवणे धोक्याचे आहे. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करणे हाच खरा उपाय. बिटलॉकर या विंडोजच्या सुविधेने कूटबद्ध केलेले पार्टिशन आधी उलगडावे लागते. त्याला ही एक ओळ पुरत नाही.

फाइल बदलल्यावर संगणक पुन्हा सुरू करण्याआधी ‘माउंट -ए’ ही आज्ञा चालवून ओळ तपासून घेतात.