चिनी राजसंग्रहातले 'हिंदुस्तानी' यशम: पार्श्वभूमी

तैपेईत जपलेल्या चिनी राजसंग्रहात यशमाची, म्हणजे जेडची, काही भांडी अशी आहेत की त्यांच्यावर कोरलेली कविता चिनी, पण घडण चिनी नाही. तळाशी उमललेले कमळ, कागदासारख्या पातळ कडा, कुठे कुंदनात बसवलेली माणके. दरबारात या वस्तूंना 'हिंदुस्तानी' हे नाव पडले, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

दगड दोन्हीकडचा एकच. मध्य आशियातल्या, आज चीनच्या शिनच्यांग प्रांतात असलेल्या खोतानच्या नद्यांतून निघणारे पांढरे आणि करडे-हिरवे यशम मोगल कारखान्यांतही जाई आणि बीजिंगलाही. १७५९ मध्ये चीनवर राज्य करणाऱ्या छिंग घराण्याच्या फौजांनी खोतान-यारकंदचा मुलूख जिंकला. त्यानंतर कच्च्या दगडाबरोबर पश्चिमेकडची तयार भांडीही नजराणा म्हणून दरबारात येऊ लागली.

त्या वेळच्या चियनलाँग सम्राटाला ती इतकी आवडली की त्याने त्यांच्यावर अनेक कविता रचल्या आणि त्या भांड्यांवरच कोरून घेतल्या. चीनमधल्याच सूझौ शहराच्या कारागिरांचे अतिकोरीव काम त्याला 'यशमावरचे संकट' वाटे. त्यापुढे हे काम त्याला संयत दिसले. हिंदुस्तानातले कारागीर नुसत्या पाण्याने यशम झिजवतात, असेही त्याला वाटे. प्रत्यक्षात यशम कुठेही कठीण खड्यांची ओली भुकटी लावून, फिरत्या चकतीवर घासूनच काढावे लागते.

हिंदुस्तान नेमका कुठे, यावर त्याने १७६८ मध्ये स्वतः निबंध लिहिला. जुने चिनी ग्रंथ भारताचे पाच भाग मानत; त्यांतल्या या 'पाच भारतां'च्या वर्णनातल्या चुका दाखवत त्याने हा प्रदेश उत्तर भारतात ठरवला. नकाशाच्या दृष्टीने हे बरेचसे बरोबर होते. पण नाव एकदा रुळल्यावर पातळ आणि फुलापानांचे जे जे पश्चिमेकडून आले ते ते त्याच खात्यात पडले. त्यात उस्मानी तुर्कस्तानची भांडी होती, मध्य आशियातली होती. शिवाय चीनमध्येच त्या धाटणीच्या नकला तयार होऊ लागल्या.

१९२५ मध्ये बीजिंगच्या राजवाड्याचे संग्रहालय झाले. १९३३ मध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने संग्रह पेट्यांत भरून दक्षिणेकडे हलवला गेला आणि १९४८-४९ मध्ये त्यातल्या २,९७२ पेट्या तैवानला पोचल्या. संशोधकांनी ही सरमिसळ उलगडली ती त्यानंतर. २००७ च्या तैपेईतल्या प्रदर्शनाने 'हिंदुस्तानी' बाजूला ठेवून 'इस्लामी यशम' हे नाव घेतले, आणि २०१५ मध्ये उघडलेल्या तिथल्या संग्रहालयाच्या दक्षिण शाखेतही तेच राहिले.

या बदलाला कारण आहे. तुर्की आणि मध्य आशियाई वस्तू त्यात सामावतात. तरीही मला तो निर्णय पटत नाही. जुन्या नावाने निदान मुलूख तरी सांगितला होता. नव्या नावाने कारखाना, शहर, कारागीर सगळेच एका धर्माच्या नावाखाली झाकले जातात. मोगल कारखान्यांत कुठल्या एकाच धर्माचे हात राबत नव्हते. पाटीवर आग्रा, इस्तंबूल, सूझौ असे ठिकाण, जिथे कळते तिथे, आधी लिहायला हवे.

अडचण पुराव्याची आहे. लंडनला असलेल्या शाहजहानकालीन पांढऱ्या पेल्यावर, ज्याची मूठ बोकडाच्या डोक्याची आहे, १६५७ हे साल मिळते. असे साल दुर्मीळ. चिनी राजसंग्रहातल्या बहुतेक भांड्यांवर घडवणाऱ्याचे नाव नाही, सालही नाही. जिथे साल सापडते, तिथे ते सम्राटाच्या कवितेचे असते.