बाणाचे लाकूड (गोवा)

बाणाच्या दांड्यासाठी निवडलेले लाकूड किंवा बांबू. दांडा हलका आणि ताठ हवा. गोव्यात त्याहून अवघड अट म्हणजे तो पावसाळ्यातही सरळ राहायला हवा. परशुरामाच्या बाणाने समुद्र हटला आणि सासष्टीतील बाणावलीला नाव मिळाले, ही कथा येथे सर्वांना ठाऊक आहे. बाण कशाचा होता ते मात्र कोणी सांगत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील बाणांच्या यादीत वेणू म्हणजे बांबू पहिला येतो, लोखंडी नाराच शेवटी.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या हवेत वाळलेले लाकूडही पाणी ओढते आणि मे महिन्यात सुतासारखा असलेला दांडा श्रावणात बाक धरतो. लाकूड लांबीत जवळपास फुगत नाही, आडवे फुगते. त्यामुळे शीर, म्हणजे लाकडातल्या तंतूंची रेघ, टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेली असेल तर दांडा नुसता जाड होतो. तिरकी असेल तर वाकतो. लाकडाची जात नंतर, शीर आधी. तिरक्या शिरेचा बाण सुटतानाच फाटून धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. वार्निशखाली हा दोष लपतो, जात नाही. म्हणून करवतीने कापलेल्यापेक्षा कोयत्याने चिरलेला तुकडा बरा, कारण चीर शिरेच्या मागोमाग जाते.

अमेरिकेतील धनुर्धर पोर्ट ऑरफर्ड सिडार या लाकडाला मान देतात: हलका, सरळ शिरेचा. येथील सागवान कमी फुगते, पण बाणासाठी जड पडते. ऐन त्याहून जड आणि वाळताना तडकणारा. त्याचा नाद सोडलेला बरा.

उरतो माणगा. कोकण-गोव्याच्या किनारपट्टीतला हा बिनकाट्यांचा, जवळजवळ भरीव बांबू. तीन वर्षांचा झालेला, पाऊस सरल्यावर थंडीत तोडलेला घ्यावा; तेव्हा पिष्ट कमी असल्याने भुंगा कमी लागतो. सावलीत वाळवून, चिरून, ८-९ मिमी जाडीचा दांडा तासतात. तासताना सालीकडचे तंतू राखावेत, ताकद तिथेच असते. पेरापाशी वाक राहिला तर निखाऱ्यावर फिरवून, गरम असतानाच हाताने सरळ करतात.

पारख सोपी आहे. काचेवर दांडा लोळवावा; वाकडा असेल तर उड्या मारतो. मग २६ इंचांवरच्या दोन टेकूंवर ठेवून मध्ये २ पौंड वजन टांगावे. एका संचातले सगळे दांडे सारखेच झुकायला हवेत. जवसाचे तेल चोळताना दोन्ही टोके विसरू नयेत, ओल तिथूनच जास्त शिरते. आणि पावसाळ्यात बाण भिंतीला टेकून ठेवू नयेत. आडवे, तीन आधारांवर ठेवावेत.