आयर्विन पुलाची पातळी अ‍ॅरेत मांडताना

पावसाळ्यात कोयना-चांदोलीकडे पाऊस लागून राहिला की सांगलीत एकच प्रश्न फिरतो : "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत आणि इंचांत येतं. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. कृष्णा नदीवरच्या, १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी पातळी वाचली जाते आणि आकडा मोबाइलवरून गावभर होतो. सूर्यवंशी प्लॉटमधली माणसं सामान माडीवर चढवायचं की नाही ते ठरवतात, कर्नाळ रस्त्याकडची माणसं जनावरं कधी हलवायची ते बघतात. पण नुसत्या एका आकड्यावर कुणी काही ठरवत नाही. ३९ फूट चढतीचे असले तर निर्णय वेगळा, उतरतीचे असले तर वेगळा. मागचा आकडा, त्याच्या मागचा आकडा, हे सगळे क्रमाने हाताशी लागतात.

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्याला अ‍ॅरे समजवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. कारण अ‍ॅरे म्हणजे भरपूर आकडे साठवायची सोय, एवढंच पुस्तकात वाचून मुलं पुढे जातात आणि खरी गोष्ट हुकते. आकडे साठवायचेच असतील तर पातळी१, पातळी२, पातळी३ अशी वेगवेगळी व्हेरिएबल (किंमत ठेवायच्या नाव दिलेल्या जागा) करूनही साठवता येतात, आणि पहिल्या महिन्यात बहुतेक मुलं तेच करतात. अडचण पुढे येते. "आता याच्या पुढची पातळी दे" असं सांगायचं कसं? पातळी२ या नावातला २ हा नावाचाच भाग आहे. त्यात १ मिळवून पातळी३ होत नाही. अ‍ॅरेत नाव एकच असतं आणि जागेचा क्रमांक कंसात सुटा असतो. तो सुटा असल्यामुळे त्याच्या जागी व्हेरिएबल ठेवता येतं, त्यात बेरीज-वजाबाकी करता येते. जागा हिशेबाने काढता येते, हीच अ‍ॅरेची ताकद. बाकी सगळं त्यातून निघतं.

एका दिवसाचे, दर तीन तासांनी घेतलेले आठ आकडे धरू. हे आकडे मी समजावण्यापुरते बनवलेले आहेत. रात्री १२ वाजता ३७ फूट ६ इंच, पहाटे ३ ला ३८ फूट २ इंच, आणि असं पुढे. साठवण्याआधी एक काम करायचं, सगळ्याचे इंच करायचे. हे टाळलं की हमखास घोळ होतो. ४० फूट १० इंच हे कुणी ४०.१० असं लिहिलं तर संगणक त्याला ४०.१ समजतो, आणि मग ४० फूट ४ इंच म्हणजे ४०.४ त्याला मोठे वाटतात. फुटाला १२ इंच असतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पातळी = [४५०, ४५८, ४६९, ४७७, ४८७, ४९२, ४९०, ४८४]

(पायथॉन या भाषेत व्हेरिएबलचं नाव असं देवनागरीत ठेवलेलं चालतं. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात.)

पहिला आकडा पातळी[०] आणि शेवटचा पातळी[७]. मोजणी शून्यापासून का, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि "तशी पद्धतच आहे" हे त्याचं उत्तर नाही. इथे बघा : दुपारी ३ चा आकडा कुठे आहे? दुपारी ३ म्हणजे मध्यरात्रीपासून १५ तास. १५ भागिले ३ म्हणजे ५. पातळी[५] बघितलं की ४९२ मिळतात, म्हणजे बरोबर ४१ फूट. मध्यरात्रीला शून्य तास झालेले असतात, म्हणून तिचा क्रमांक शून्य. इंडेक्स, म्हणजे कंसातला हा क्रमांक, "कितवा" सांगत नाही, "सुरुवातीपासून किती पुढे" हे सांगतो.

संगणकाच्या मेमरीत नेमका हाच हिशेब चालतो. सीसारख्या भाषेत असा अ‍ॅरे मेमरीत सलग, मध्ये जागा न सोडता ठेवलेला असतो. एका पूर्णांकाला बहुतेक यंत्रांवर ४ बाइट (मेमरीतल्या छोट्या जागा) लागतात. अ‍ॅरेची सुरुवात समजा २००० या पत्त्यावर असेल, तर पातळी[५] चा पत्ता २००० + ५ × ४, म्हणजे २०२०. एक गुणाकार, एक बेरीज, की थेट त्या जागी. अ‍ॅरेत आठ आकडे असोत की आठ लाख, मेहनत तेवढीच. आधीचे आकडे एकेक ओलांडत जावं लागत नाही. पायथॉनच्या लिस्टमध्ये (वरचा आपला अ‍ॅरे तिथे लिस्टच असतो) प्रत्यक्ष आकड्यांऐवजी त्यांचे पत्ते ओळीने मांडलेले असतात, पण जागा शोधायची रीत हीच.

आज ही सोय गृहीत धरली जाते. सुरुवातीच्या संगणकांमध्ये पुढच्या आकड्याकडे जायचं तर प्रोग्रॅमला चालू असतानाच स्वतःची सूचना बदलून तिच्यातला पत्ता वाढवावा लागायचा. १९४९ च्या मँचेस्टर मार्क १ या यंत्रात पत्त्यात मिळवायचा आकडा ठेवायला वेगळी जागा दिली गेली, आणि सूचनेला हात न लावता पुढे सरकता येऊ लागलं. १९५७ साली आलेल्या फोरट्रान या भाषेत तर गणितात लिहितात तसा क्रमांक कंसात लिहिता आला. फोरट्रान मोजायचं एकापासून, १९७० च्या दशकात पुढे आलेली सी भाषा शून्यापासून. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये हाताने लिहिलेल्या एका टिपणात शून्याची बाजू मांडली. त्यांचा मुद्दा असा की "० पासून, पण ८ च्या आत" अशी हद्द धरली की दोन टोकांची वजाबाकी म्हणजेच आकड्यांची संख्या. मला तो पूर्ण पटतो.

आता त्या आठ आकड्यांना प्रश्न विचारू. दिवसात सगळ्यात जास्त पातळी किती होती? नवशिक्याचा लूप, म्हणजे तीच सूचना पुन्हा पुन्हा चालवणारा भाग, असा असतो : मोठा = ० धरा, एकेक आकडा बघा, तो मोठ्यापेक्षा जास्त असेल तर मोठा बदला. पातळीवर हे चालतं. पण याच लूपला पाणी उतरतानाच्या दिवसाचे चढउताराचे आकडे द्या, सगळेच उणे, आणि तो उत्तर शून्य देईल, जो आकडा अ‍ॅरेत कुठेच नाही. म्हणून सुरुवात मोठा = पातळी[०] अशी करायची. त्याहूनही बरं म्हणजे आकडा लक्षात ठेवण्याऐवजी त्याची जागा लक्षात ठेवायची :

जागा = ०
क्र १ पासून ७ पर्यंत : पातळी[क्र] > पातळी[जागा] असेल तर जागा = क्र

लूप संपल्यावर जागा ५ असते. ५ वरून ४९२ ही पातळी मिळते आणि ५ × ३ म्हणजे दुपारचे ३ ही वेळही मिळते. नुसता ४९२ हातात असता तर वेळ हरवली असती. याच कारणासाठी या अ‍ॅरेवर सॉर्ट चालवायचं नाही. लहान-मोठे क्रमाने लागतील, पण इथे जागा म्हणजेच वेळ आहे, आणि ती विस्कटली की आकड्यांना अर्थ उरत नाही.

चढउतार काढायचा तर प्रत्येक आकड्यातून आधीचा वजा करायचा : पातळी[क्र] − पातळी[क्र − १]. उत्तरं येतात ८, ११, ८, १०, ५, −२, −६. पहाटे ३ ते ६ च्या दरम्यान पाणी सगळ्यात वेगाने चढलं, ११ इंच. आकडे आठ, फरक सात. हा लूप १ पासून चालवायचा असतो. सवयीने ० पासून चालवला तर पातळी[−१] मागितलं जातं, आणि इथे भाषांचे स्वभाव दिसतात. जावा तिथल्या तिथे थांबून चूक दाखवते. पायथॉनमध्ये −१ म्हणजे शेवटून पहिला, त्यामुळे तो निमूटपणे ४५० मधून ४८४ वजा करतो आणि मध्यरात्री पाणी ३४ इंच उतरल्याचं सांगतो. आदल्या रात्रीची नदी चढतीवर असताना! चूक दाखवली जात नाही, उत्तर दिसायला ठीक असतं, म्हणून ही चूक जास्त वाईट. पहिला आणि शेवटचा आकडा हाताने कागदावर तपासायचा, ही शिस्त मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी असं माझं ठाम मत आहे.

हद्द ओलांडण्याची दुसरी तऱ्हा सीमध्ये भेटते. पाणी कुठल्या फुटावर किती वेळा होतं हे मोजायचं आहे. त्यासाठी गणना नावाचा नवा अ‍ॅरे घेऊ, सगळ्या जागा शून्याने भरलेल्या. प्रत्येक पातळीला १२ ने भागून पूर्ण फूट काढायचे आणि त्या क्रमांकाच्या जागेत १ मिळवायचा. ४८७, ४९० आणि ४८४ तिन्ही ४० फुटांत पडतात, म्हणून गणना[४०] होते ३. पहिल्या अ‍ॅरेत जागा म्हणजे वेळ होती आणि आतला आकडा पातळी, इथे पातळीच जागा झाली. ही उलटापालट ज्याला एकदा दिसली, त्याला अ‍ॅरे कळला असं समजायला हरकत नाही.

पण गणनेत जागा किती ठेवायच्या? २००५ च्या महापुरात पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती. तो उच्चांक धरून कुणी ० ते ५५ अशा ५६ जागा ठेवल्या असत्या तर त्या वेळी त्या पुरेशाच वाटल्या असत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गणना[५७] मध्ये १ मिळवा म्हटल्यावर सी हद्द तपासत नाही. अ‍ॅरेच्या पलीकडे मेमरीत जे काही असेल, दुसरं व्हेरिएबल असेल, त्यातच हात घालतं. प्रोग्रॅम कदाचित लगेच कोसळेल, कदाचित तासाभराने भलतीकडेच चुकीचं उत्तर देईल. १९८८ साली इंटरनेटवर स्वतःहून एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरलेल्या मॉरिस वर्म या प्रोग्रॅमने घुसायला वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती : ५१२ बाइटांचा अ‍ॅरे, आणि येणारी ओळ केवढी आहे हे न बघता ती त्यात भरणारा प्रोग्रॅम. म्हणून लिहिण्याआधी फूट ५६ पेक्षा कमी आहेत ना, हे विचारणारी एक ओळ हवीच, मग उच्चांक कितीही जुना असो.

ज्यांना एवढं जमलं त्यांच्यासाठी एक खरं काम सुचवतो. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तिथलं पाणी सांगलीला पोहोचायला वेळ लागतो. कराडच्या फरकांचा एक अ‍ॅरे आणि सांगलीच्या फरकांचा एक, दोन्ही एकाच दिवसाचे, असे शेजारी ठेवले तर जोड्या जुळत नाहीत. मग कराड[क्र] ची जोडी सांगली[क्र + उशीर] शी लावायची. उशीर ०, १, २, ३ असा बदलत न्यायचा, दर वेळी प्रत्येक जोडीतली तफावत, उणे असली तरी अधिक धरून, तिची सरासरी काढायची, आणि जिथे ती सगळ्यात कमी तो उशीर टिपायचा. एका दिवसाचे आकडे यासाठी तोकडे आहेत, निदान आठवड्याचे घ्यावेत. कंसातली ती छोटी बेरीज नदीच्या प्रवासाचा अंदाज देते. लूपची हद्द मात्र दर वेळी बदलते : एका दिवसाच्या सात फरकांत उशीर ३ धरला तर चारच जोड्या उरतात, आणि सरासरी काढताना त्या चाराने भागायचं, साताने नाही.